घरच्यांनाच न दिसलेला अँटेना

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत शहरांच्या आकाशरेषेत एका नव्या आकृतीची भर पडली. चाळींच्या कौलांवर, सोसायट्यांच्या गच्च्यांवर, लोखंडी नळीच्या टोकाला आडव्या बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या दिसू लागल्या. पुण्यातील घरांवरच्या काड्या सिंहगडावरील सहक्षेपण केंद्राकडे तोंड करून असत. वारा सुटला, कावळा बसला की पडद्यावर मुंग्या दिसत आणि घरातील एखाद्याला वर चढून अँटेना पुन्हा जागेवर फिरवावा लागे. खाली उभ्या असलेल्यांच्या सूचनांनुसार बोटभर इकडे, बोटभर तिकडे असा तो खेळ चाले. या काड्यांना एका जपानी प्राध्यापकाचे नाव आहे, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होते. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, एके काळी खुद्द जपानी सैन्यालाही ते ठाऊक नव्हते.

हिदेत्सुगु यागी यांचा जन्म २८ जानेवारी १८८६ रोजी ओसाका येथे झाला. मेईजी राजवटीत जपान झपाट्याने बदलत होता. रेल्वे, तारायंत्र, वीज या सगळ्या गोष्टी पाश्चात्त्यांकडून शिकून घेण्याची घाई त्या देशाला झाली होती आणि होतकरू तरुणांना शिक्षणासाठी परदेशी पाठवण्याचे धोरण सरकार नेटाने राबवीत होते. यागी यांनी १९०९ मध्ये टोकियो इम्पीरियल विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ईशान्य जपानमधील सेंदाई येथील तंत्रशाळेत अध्यापन सुरू केले. १९१३ मध्ये त्यांची परदेशी अभ्यासासाठी निवड झाली. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी अखंड विद्युत्-चुंबकीय लहरी कशा निर्माण कराव्यात, याचा अभ्यास केला.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. त्या वेळी सुटीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या यागींना जर्मनीत परतणे अशक्य झाले. मात्र या अडचणीतून त्यांचा फायदाच झाला. ते लंडनला गेले आणि निर्वात नलिकेचे जनक जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांच्या हाताखाली काम करू लागले. तेथून अमेरिकेत हार्वर्डला जाऊन जी. डब्ल्यू. पियर्स यांच्याकडेही त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. १९१६ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा बिनतारी संदेशवहनाच्या तीन आघाडीच्या संशोधकांचा सहवास त्यांच्या गाठीशी होता. १९१९ मध्ये तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात अभियांत्रिकी विभाग स्थापन झाला आणि यागी तेथे प्राध्यापक झाले.

त्या काळी सगळ्या जगाचे लक्ष लांब लहरींकडे होते. समुद्रापार संदेश पाठवण्यासाठी अनेक किलोमीटर लांबीच्या लहरी वापरल्या जात. त्यासाठी प्रचंड मनोरे आणि तितकीच प्रचंड वीज लागे. काही मीटर लांबीच्या अतिलघुलहरींचा व्यवहारात काय उपयोग, असा प्रश्न बहुतेक अभियंत्यांना पडत असे. यागींना मात्र या लहरींचे भवितव्य दिसत होते. लहर जितकी आखूड, तितका तिला एका दिशेने झोत देणारा अँटेना लहान. आणि झोत जमला, तर थोड्या शक्तीतही दूरचा पल्ला गाठता येतो, हा त्यामागचा विचार होता. सेंदाई येथील सायतो घराण्याने स्थापन केलेल्या न्यासाने १९२४ मध्ये त्यांच्या गटाला संशोधनासाठी भरघोस निधी दिला. जपानसारख्या देशात एका प्रादेशिक विद्यापीठाला खाजगी देणगीतून अशा मूलभूत संशोधनाची संधी मिळावी, हे त्या काळी विशेषच होते.

शोधाची सुरुवात मात्र काहीशी अनपेक्षित होती. प्रयोगशाळेत लहरींचे मोजमाप चालू असताना, जवळ ठेवलेल्या धातूच्या साध्या सळईमुळे लहरींची तीव्रता बदलते, असे ध्यानात आले. सळईला कोणतीही तार जोडलेली नव्हती, तरी ती लहरींच्या वाटेत ढवळाढवळ करीत होती. ती कशी, याचा पद्धतशीर शोध घेण्याचे काम यागींनी आपले तरुण सहकारी शिंतारो उदा यांच्याकडे सोपवले. उदा यांचा जन्म १८९६ चा. ते तोहोकू विद्यापीठाचेच पदवीधर होते. साडेचार मीटरच्या आसपास लांबीच्या लहरी घेऊन त्यांनी सळ्यांची लांबी, त्यांच्यातील अंतर आणि त्यांची संख्या बदलून असंख्य मोजमापे घेतली.

त्यातून जे हाती आले, त्याचे सौंदर्य त्याच्या साधेपणात आहे. मध्यभागी लहरीच्या निम्म्या लांबीची एक सळई असते. केवळ हिलाच तार जोडलेली असते. तिच्या मागे किंचित अधिक लांबीची एक सळई ठेवली, की ती आरशासारखे काम करून लहर पुढे परतवते. समोर किंचित आखूड सळ्या एका रांगेत ठेवल्या, की त्या लहरीला आपल्या दिशेने ओढून पुढे नेतात. प्रत्येक सळईत लहरीमुळे क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ती सळई स्वतःच पुन्हा लहर प्रक्षेपित करते. लांबी आणि अंतर नेमके साधले, तर या साऱ्या लहरी पुढच्या दिशेने एकमेकींत मिसळून बळकट होतात आणि मागच्या दिशेने एकमेकींना पुसून टाकतात. हेच तत्त्व उलटेही लागू पडते. एका दिशेने येणारा संकेत असा अँटेना जोरकसपणे झेलतो आणि अन्य दिशांच्या गोंगाटाकडे दुर्लक्ष करतो. ना यंत्र, ना फिरता भाग, ना वेगळी वीज. केवळ काही सळ्या आणि त्यांच्यातील मापे.

या दिशेच्या हट्टाचा रोकडा अनुभव घ्यायचा, तर अमेरिका व युरोपात लोकप्रिय असलेल्या कॅम्परकडे पाहावे. चाकांवरचे हे घर आज या गावी तर उद्या त्या गावी मुक्काम करते. साहजिकच त्याच्या टपावरील दिशादर्शी अँटेना दर मुक्कामी नव्याने जुळवावा लागतो. जवळचे प्रक्षेपण केंद्र कोणत्या दिशेला आहे, हे पाहून आतील दांडा फिरवीत तो वर उचलायचा, हळूहळू वळवून चित्र स्थिर होईल तेथे थांबवायचा आणि निघण्यापूर्वी आठवणीने खाली घ्यायचा, हा तेथील नित्यक्रम. ब्रिटनमध्ये तर आणखी एक मेख आहे. तेथील मुख्य केंद्रांच्या लहरी बहुधा आडव्या, तर अनेक छोट्या सहक्षेपण केंद्रांच्या लहरी उभ्या असतात. त्यामुळे शेजारच्या कॅराव्हॅनवरील काड्या आडव्या आहेत की उभ्या, हे पाहूनच जाणते प्रवासी आपला अँटेना लावतात. अनेक कॅम्परमध्ये अँटेनाजवळ संकेत वाढवणारा बूस्टर बसवलेला असतो. त्याला लागणारी १२ व्होल्ट वीज ज्या केबलमधून चित्र खाली येते, तीतूनच वर पाठवली जाते. मुक्कामाच्या तळावर केबलची सोय असेल आणि ती बाहेरच्या जोडणीला लावली असेल, तर आतील बूस्टरचे बटण बंद करावे लागते; अन्यथा केबलवरील चित्र आत पोहोचतच नाही. आपल्याकडे गच्चीवरून खाली येणारी चपटी, दोन तारांची पट्टी आणि नंतर आलेली गोल कोॲक्सिअल केबल हीदेखील याच व्यवस्थेची रूपे. वर काड्यांनी जे कमावले, ते वाटेत न गमावता पडद्यापर्यंत आणणे, एवढेच तिचे काम.

आता पुन्हा सेंदाईकडे वळू. २८ डिसेंबर १९२५ रोजी जपानी एकस्वासाठी अर्ज दाखल झाला आणि ऑगस्ट १९२६ मध्ये ते मंजूर झाले. त्यावर नाव होते केवळ यागी यांचे. १९२६ च्या आरंभी यागी आणि उदा या दोघांच्या नावाने जपानच्या इम्पीरियल अकादमीपुढे निबंध सादर झाला. त्याच वर्षापासून उदा यांनी जपानी भाषेत या विषयावर ११ शोधनिबंधांची मालिका लिहिली. या मालिकेत प्रयोगांचा सारा तपशील आहे. परंतु तो जपानी भाषेत असल्यामुळे बाहेरच्या जगाच्या वाचनात आला नाही. जगाने वाचला तो यागींनी इंग्रजीत लिहिलेला आणि जून १९२८ मध्ये अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध. त्या निबंधात यागींनी उदा यांच्या कामाचा उल्लेख केला होता, हे नोंदवले पाहिजे. तथापि वाचकांच्या स्मरणात राहिले ते निबंधावरचे नाव. इंग्रजी जगात हा अँटेना ‘यागी’ या एकाच नावाने रूढ झाला. आज पाठ्यपुस्तके त्याला यागी-उदा अँटेना म्हणतात. पण बोलीभाषेत दुसरे नाव अजूनही गळतेच.

शोधाचे स्वागत कसे झाले, याची कथा अधिक बोधप्रद आहे. ब्रिटनमध्ये मार्कोनी कंपनीने आणि अमेरिकेत आरसीए कंपनीने या शोधाचे हक्क मिळवले. अमेरिकी एकस्व १९३२ मध्ये मंजूर झाले. यागींचे विद्यार्थी किंजिरो ओकाबे यांनी १९२७ मध्ये विभाजित धनाग्राचा मॅग्नेट्रॉन तयार करून अतिलघुलहरी निर्माण करण्याचा मार्ग प्रशस्त केला होता. म्हणजे अतिलघुलहरी निर्माण करणारे साधन आणि त्यांना दिशा देणारे साधन, ही दोन्ही एकाच विद्यापीठात जन्मली होती. रडारचे अर्धे सामान जपानच्या हाती होते. परंतु तेथील लष्करी वर्तुळात लहरी सोडणे म्हणजे अंधारात स्वतःच दिवा लावून शत्रूला आपला ठावठिकाणा सांगणे, असा समज होता. विद्यापीठातील प्राध्यापकांचे संशोधन आणि सैन्याची गरज यांचा सांधा जुळलाच नाही. १९४१ मध्ये यागींच्या एकस्वाची मुदत संपत आली, तेव्हा मुदतवाढीसाठी केलेला अर्जही सरकारने फेटाळला.

त्यानंतर काही महिन्यांतच या निर्णयाचे मोल कळले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. तेथे जपानी सैन्याला ब्रिटिशांची रडार यंत्रे आणि एका तंत्रज्ञाची टिपणवही सापडली. वहीत एक शब्द वारंवार येत होता. त्याचा उच्चार यागी की याजी, हेही जपानी तज्ज्ञांना कळेना. अखेर वहीच्या मालकाला, जो आता युद्धकैदी होता, याचा अर्थ विचारण्यात आला. हे तुमच्याच देशातील प्राध्यापकाचे नाव आहे, हे त्याच्याकडून कळल्यावर विचारणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. जे ज्ञान घरात होते, ते शत्रूच्या वहीतून आपल्याच देशात परत आले.

यागी तोवर सेंदाईहून ओसाकाला गेले होते. १९३३ च्या सुमारास ओसाका इम्पीरियल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. त्याच वेळी हिदेकी युकावा नावाचा एक तरुण अध्यापक तेथे रुजू झाला. त्याचे संशोधन प्रसिद्ध होत नाही, म्हणून यागींनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली होती. या युकावा यांनी १९३५ मध्ये मेसॉन कणाचा सिद्धान्त मांडला आणि १९४९ मध्ये जपानला पहिले नोबेल पारितोषिक मिळवून दिले. उत्तम माणसे हेरणे आणि त्यांना कामाला लावणे, हा यागींचा खरा गुण होता. ओकाबे, उदा, युकावा ही नावे एकत्र वाचली, की तो लक्षात येतो. मात्र याच गुणामुळे सहकाऱ्याच्या श्रमाचे नाव प्रमुखाच्या नावामागे झाकले जाण्याचा धोकाही निर्माण होतो आणि तो टळला नाही.

१९४२ मध्ये ते टोकियो तंत्रविज्ञान विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि डिसेंबर १९४४ मध्ये युद्धकालीन तांत्रिक संशोधनाची जबाबदारी असलेल्या सरकारी मंडळाचे प्रमुखपद त्यांच्यावर आले. पराभव तेव्हा दाराशी येऊन उभा होता. तरुण वैमानिकांना शत्रूच्या जहाजांवर विमानासह कोसळण्यासाठी पाठवले जात होते आणि त्याचे जाहीर गौरवीकरण चालले होते. जानेवारी १९४५ मध्ये संसदेच्या अर्थसंकल्पविषयक समितीत नव्या शस्त्रांविषयी प्रश्न आला, तेव्हा यागींनी वेगळेच उत्तर दिले. माणसाला मरायला न लावता लक्ष्याचा अचूक वेध घेणारी साधने निर्माण करणे, हे अभियंत्यांचे कर्तव्य होते. ती वेळेत देता आली नाहीत आणि म्हणून तरुणांना मृत्यूच्या मोहिमेवर जावे लागत आहे, याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. ज्या सभागृहात आत्माहुतीच्या स्तुतीशिवाय दुसरे काही बोलण्याची सोय नव्हती, तेथे एका तंत्रज्ञाने तिला आपल्या व्यवसायाचे अपयश म्हटले. यागींच्या आयुष्यातील हा प्रसंग त्यांच्या शोधाइतकाच स्मरणीय आहे. मे १९४५ मध्ये ते त्या पदावरून दूर झाले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकण्यात आला. तो जमिनीवर न आदळता सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटावा, अशी योजना होती. ही उंची मोजण्यासाठी बॉम्बवर रडार उंचीमापक बसवले होते आणि त्यांचे अँटेना होते यागी पद्धतीचे. सेंदाईच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या सळ्या २० वर्षांनी अशा रीतीने मायभूमीवर परतल्या. शोधाला स्वतःची नीती नसते. तो वापरणाऱ्याच्या हाती जातो. मात्र जो समाज आपल्या प्रयोगशाळेत काय चालले आहे, याकडे पाहतच नाही, तो ती निवडही दुसऱ्यावर सोपवतो, एवढे यावरून म्हणता येते.

युद्धानंतर १९४६ मध्ये यागी ओसाका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. पण युद्धकाळातील पदामुळे त्याच वर्षी त्यांच्यावर सार्वजनिक पदांची बंदी घालण्यात आली. बंदी उठल्यावर त्यांनी नव्याने सुरुवात केली. १९५२ मध्ये त्यांच्या नावाची अँटेना कंपनी स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९५३ मध्ये टोकियोत दूरचित्रवाणी सुरू झाली. ज्या सळ्यांना सरकारने महत्त्वाच्या मानले नव्हते, त्या आता घराघराच्या छपरांवर चढू लागल्या. त्याच वर्षी समाजवादी पक्षातर्फे ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले. १९५६ मध्ये संस्कृती सन्मान हा जपानचा सर्वोच्च सांस्कृतिक गौरव त्यांना लाभला. १९ जानेवारी १९७६ रोजी, नव्वदी पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी शिंतारो उदा यांनीही जगाचा निरोप घेतला.

उदा यांच्याशी भारताचा थेट संबंध आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून ते नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत कार्यरत होते. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतातील पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले आणि पुढे ज्या अँटेनाने आपली छपरे व्यापली, त्याची मापे ठरवणारा माणूस त्याआधी काही काळ याच शहरात वावरत होता. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळच्या गदंकी येथे १९९० च्या दशकात वायुमंडलाच्या अभ्यासासाठी एक भव्य रडार उभारण्यात आले. त्याच्या मैदानात १,०२४ यागी अँटेना रांगेने उभे करण्यात आले. वाऱ्याच्या हालचाली उंचच उंच आकाशात टिपण्याचे काम तेथे सोपवले गेले ते याच साध्या सळ्यांवर.

१९९५ मध्ये जागतिक विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेने तोहोकू विद्यापीठातील या संशोधनाला अभियांत्रिकीतील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. केबल, नंतर डिश आणि आता मोबाईलचा पडदा आल्यावर आपल्या गच्च्यांवरील काड्या नाहीशा झाल्या. दूरदर्शननेही आपली जवळपास सारी जुनी भूतल प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. तरीही कॅम्परच्या टपावर, हौशी रेडिओवाल्यांच्या खांबावर, दुर्गम खेड्यातील बिनतारी जोडणीत हीच आकृती अजून भेटते. एका दिशेकडून येणारा क्षीण आवाज नीट ऐकू यावा, म्हणून बाकीच्या गोंगाटाकडे पाठ फिरवणे, हे तिचे कार्य. यागींच्या देशाने नेमक्या त्याच आवाजाकडे पाठ फिरवली होती. प्रयोगशाळेतून येणारा आवाज बहुधा क्षीणच असतो आणि तो सांगणारी माणसेही नेहमी एकटी नसतात. त्यांतील प्रत्येकाचे नाव ऐकू येईल असा अँटेना मात्र समाजाला स्वतःच उभारावा लागतो.